होळीनंतर ढोबळीची पानं करपतात? डोस वाढवायच्या आधी हे तपासा

होळी झाली, ऊन तापायला लागलं, की हुक्केरी-संकेश्वर भागातल्या पॉलिहाऊसमध्ये ठरलेली तक्रार सुरू होते. ढोबळी मिरचीच्या जुन्या पानांच्या कडा आधी पिवळट होतात, मग विटकरी. बोटांत धरून चुरल्या तर पापडासारख्या मोडतात. नवीन पानं आखूड आणि गडद हिरवी येतात. फळाच्या खालच्या अंगाला खोलगट तपकिरी डाग दिसतो आणि गोव्याच्या गाडीला जाणारा माल निम्म्या भावात बेळगावच्या बाजारात टाकावा लागतो. सगळ्यात चकवणारी खूण म्हणजे ग्रोबॅग, म्हणजे झाड लावलेली पिशवी, ओली असूनही दुपारी झाडं माना टाकतात.

माझ्याकडे वीस गुंठ्यांत रंगीत ढोबळी आहे, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ग्रोबॅगमध्ये. सलग तीन उन्हाळे माझ्याकडे हेच झालं. पहिल्या वर्षी खताच्या दुकानात पान दाखवलं, तर उत्तर मिळालं की पोटॅश कमी पडतंय, डोस वाढवा. वाढवला. करपणं वाढलं. दुसऱ्या वर्षी कॅल्शियमच्या फवारण्या घेतल्या. तिसऱ्या वर्षी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर घेतला, आणि मीटर असूनही चुकले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण नुसता मीटर विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

मला आधी जाग आणली ती आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या मावशींनी. ड्रिपरच्या भोवती कोकोपीटवर पांढरट साय धरली होती. त्यांनी ती नखाने खरवडली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "उप्पु बंदैत नोड्री." मीठ आलंय बघा. मी तोवर त्या सायीला बुरशी समजत होते.

त्या सायीत काय होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. आमटी चुलीवर राहिली की आटते आणि खारट होते, नंतर चिमूटभरही मीठ टाकलेलं नसलं तरी. ग्रोबॅगचं तेच. उन्हात झाड पाणी भराभर पितं, खत मात्र आपल्या गतीनेच घेतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याच घट्ट आमटीवर पुन्हा तेवढंच खत ओततो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं मुळाबाहेरचं द्रावण जास्त घट्ट झालं की मुळाला पाणी ओढणं जड जातं. म्हणून ओल्या बॅगेत झाड सुकतं. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच वर चढतं, त्यामुळे पाण्याची ओढ मंदावली की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. तिथे खोलगट डाग पडतो. फवारणीतलं कॅल्शियम फळाला फारसं पोचत नाही, हे मी पैसे घालवून शिकले.

ही घट्टता मोजायची ती इसीने, म्हणजे विद्युत वाहकतेने. विरघळलेले क्षार पाण्यातून वीज वाहू देतात. क्षार जास्त तितकी वाहकता जास्त. एकक मिलीसिमेन्स प्रति सेंटीमीटर. मातीच्या अहवालात डेसीसिमेन्स प्रति मीटर लिहिलेलं असतं, आकडा तोच. काही मीटर मायक्रोसिमेन्स दाखवतात, तिथे 1000 म्हणजे 1.

ढोबळी या बाबतीत नाजूक आहे. अमेरिकेत रिव्हरसाइडच्या क्षार संशोधन प्रयोगशाळेत मास आणि हॉफमन यांनी 1977 साली पिकांची क्षार सोसण्याची मर्यादा एकत्र मांडली, ती आजही वापरतात. त्यात मिरचीवर्गाची मर्यादा 1.5 आहे आणि त्यापुढे प्रत्येक एका अंकाला उत्पन्न साधारण 14 टक्क्यांनी घटतं. टोमॅटो 2.5 पर्यंत सोसतो, काकडीही तितकंच. घेवडा 1 वरच कुरकुरतो. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे आहेत, म्हणजे मातीत जेमतेम मावेल इतकंच पाणी घालून केलेल्या चिखलातून काढलेल्या पाण्याचे. ड्रिपमधून सोडायच्या खतपाण्याला ते जसेच्या तसे लावू नका. पण ढोबळी कुठे उभी आहे ते यातून कळतं.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिलीच पायरी चुकली तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतात.

पहिला संशय मीटरवर घ्या

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. गडहिंग्लजला माझा मावसभाऊ आहे, त्याची ढोबळी दृष्ट लागावी अशी. त्याला फोन केला, "दादा, तू खतपाणी किती ठेवतोस?" तो म्हणाला, "चौदाशे पीपीएम ठेव, डोळे झाकून." मी माझ्या पेनमीटरवर चौदाशे ठेवलं आणि महिनाभरात बॅगा खारवून टाकल्या.

चूक त्याचीही नव्हती. मीटर मोजतो फक्त वाहकता. तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणून तो पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग क्षार, दाखवतो, आणि तो आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. कुणी 500 ने गुणतं, कुणी 640 ने, कुणी 700 ने. त्याचा मीटर 700 वाला होता, म्हणजे त्याचे चौदाशे म्हणजे इसी 2.0. माझा 500 वाला, माझे चौदाशे म्हणजे इसी 2.8. गडहिंग्लजचा सल्ला इकडे येईपर्यंत झाडाला दीडपटीच्या जवळ गेला होता. तेव्हापासून आम्ही दोघं फोनवर फक्त इसी बोलतो. तुम्हीही पीपीएम सोडून द्या. मीटरवर बटण असेल तर एकक बदलून घ्या. नसेल तर माहितीपत्रकात गुणक शोधा आणि मीटरच्या पाठीवर चिकटवून ठेवा.

दुसरं, मीटर खरं बोलतो का? त्यासाठी 1413 मायक्रोसिमेन्सचं द्रावण मिळतं, पुडीत किंवा बाटलीत. छोट्या वाटीत थोडं ओता, मोजा, आणि ते फेकून द्या, परत बाटलीत ओतू नका. द्रावण हाताशी नसेल तर घरगुती पडताळा असा: सोनाराकडच्यासारख्या बारीक काट्यावर 5 ग्रॅम कोरडं मीठ मोजा, 5 लिटर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवा. इसी 2 च्या आसपास यायला हवी. 1.4 किंवा 2.7 दिसली तर मीटरवर विसंबू नका. बहुतेक वेळा टोकावर चुन्याचा थर बसलेला असतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं टोक बुडवा, आरओच्या पाण्याने धुवा, पुन्हा मोजा.

तापमानानेही आकडा हलतो, एका अंशाला साधारण 2 टक्के. चांगले मीटर ते आपोआप सांभाळून घेतात, पण टोकाला पाण्याच्या तापमानावर यायला अर्धा-एक मिनिट द्यावा लागतो. लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपरच्या नळीत, रात्रभर थांबलेलं पाणी मोजू नका, ते कालचं खतपाणी असतं. आजचं खतपाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचू द्या, मग वाटी लावा.

बोअरचं कोरं पाणी

खत टाकण्याआधी पाण्याची स्वतःची इसी किती, हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतात. मीही बसले असते. माझ्या बोअरचं पाणी पावसाळ्यानंतर 0.8 असतं आणि एप्रिलमध्ये 1.2 पर्यंत चढतं. म्हणजे खतपाण्याची इसी 1.8 ठेवायची म्हटली तर एप्रिलमध्ये खतासाठी जागा उरते फक्त 0.6. बाकी 1.2 आधीच भरलेली, आणि त्यात झाडाला नको असलेलं सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट. मीटर भेद करत नाही. त्याच्या लेखी मीठही क्षार आणि कॅल्शियम नायट्रेटही क्षार.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय आपल्याकडे आकाशातून पडतो. शेततळं असेल, इकडच्या सरकारी कागदावर ज्याला 'कृषी होंडा' म्हणतात ते, तर त्यातलं पावसाचं पाणी उसाला सोडून संपवू नका. ते उन्हाळ्यातल्या ढोबळीसाठी राखा. तळ्याचं पाणी 0.2 आणि बोअरचं 1.2 असेल, तर निम्मं-निम्मं मिसळल्यावर 0.7 च्या आसपास मिळतं. खताला दुपटीच्या जवळ जागा होते. खानापूरकडे, जिथे मलप्रभा उगम पावते त्या पट्ट्यात, पाऊस इतका असतो की पॉलिहाऊसच्या छपराचं पन्हळीचं पाणी साठवलं तरी बरंच काम भागतं. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथे प्रत्येक टाकी जपावी लागते. कृष्णाकाठी पाणी मुबलक म्हणून पाटाने सोडून सोडून क्षारपड झालेली रानं तुम्ही पाहिलीच असतील. ग्रोबॅगमध्ये तेच लहान प्रमाणात आणि फार लवकर घडतं.

खताचा हिशोब

मिसळताना कच्चा अंदाज असा धरा. एका लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकलं तर इसी साधारण 1.2 ने वाढते. 13:00:45 ने (हे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) 1.3 च्या आसपास, 00:00:50 ने त्याहून थोडी जास्त. 12:61:00 ने 0.8 ते 0.9, 00:52:34 ने 0.7, मॅग्नेशियम सल्फेटने 0.7 ते 0.8. युरियाने शून्य. युरिया विरघळतो पण वीज वाहून नेत नाही, म्हणून मीटरला तो दिसत नाही.

इथेच 19:19:19 गफलत करतं. त्यातल्या नत्राचा मोठा वाटा, निम्म्याच्या आसपास, युरियाच्या रूपात असतो. इसी 2 आणायची म्हणून एकोणीस-एकोणीस ओतत राहिलात तर मीटर 2 दाखवेल आणि झाडाला नत्र त्यापेक्षा बरंच जास्त गेलेलं असेल. पानं गडद, खोड मऊ, फुलगळ, आणि मीटर म्हणतोय सगळं ठीक. कोकोपीटमध्ये मी एकोणीस-एकोणीस वापरणं बंद केलं आहे. जीवामृत किंवा स्लरीची घट्टताही इसीने नीट कळत नाही, कारण त्यातलं बरंचसं अन्न अजून सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीत. सल्फेट किंवा फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात ते मिसळलं की दुधासारखा साका धरतो, आणि तो साका ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. तिथल्या झाडांना खतही नाही आणि पाणीही नाही. ओळीत मधूनच दोन-तीन झाडं करपलेली आणि शेजारची ठणठणीत असतील, तर आधी ड्रिपर बघा.

व्हेंचुरी, म्हणजे पाण्याच्या दाबावर खत ओढून घेणारी नळी, वापरत असाल तर एकदा मोजून ठेवून चालत नाही. ती किती खत ओढते हे दाबावर अवलंबून असतं. फिल्टर तुंबला, लाइट कमी-जास्त झाली, दुसऱ्या वॉल्व्हला पाणी चालू झालं, की ओढ बदलते. ओळीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाट्या ठेवा. तिन्हींत 0.2 पेक्षा जास्त फरक दिसला तर दोष डोसात शोधू नका, दाबात शोधा.

निचरा सांगेल ते खरं

इथवर आपण मोजलं ते आत जाणारं पाणी. मुळं राहतात ती मात्र आत साचलेल्या पाण्यात. म्हणून बॅगेच्या खालच्या चिरेतून गळणारं पाणी मोजायचं. मी तीन बॅगांखाली स्टीलच्या वाट्या कायमच्या ठेवल्यात, एक दाराशी, एक मध्ये, एक पश्चिमेकडे, जिथे दुपारचं ऊन जास्त लागतं. सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर वाटीतलं मोजते आणि भिंतीला टांगलेल्या वहीत तीन आकडे लिहिते: बोअर, खतपाणी, निचरा. पाच मिनिटांचं काम.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा खतपाणी 2.8 होतं आणि पश्चिमेकडच्या वाटीत 5.6. मी मीटर तीनदा धुतला. आकडा हलला नाही. ड्रिपरजवळचं कोकोपीट मुठीत घेऊन पिळलं, त्या थेंबांतही पाचच्या वर. झाड खायला मागत नव्हतं, पाणी मागत होतं.

निचरा आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा 0.3 ते 0.5 ने जास्त असेल तर ठीक आहे. फरक 1 च्या वर गेला आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिला, की क्षार साचतायत असं समजा. निचऱ्याची इसी आत जाणाऱ्यापेक्षा कमी येत असेल तर झाड खत भराभर उचलतंय, तेव्हा डोस थोडा वाढवायला हरकत नाही. वाटीत निचराच नसेल तर आधी पाणी वाढवा, खताचा विचार नंतर. कोकोपीटमध्ये दिलेल्या पाण्यापैकी 20 ते 30 टक्के खालून गळायला हवं. उन्हाळ्यात पाणी वाया जातं म्हणून आपण हे गळणं बंद करतो, आणि करपणं तिथूनच सुरू होतं. गळालेलं पाणी बाहेरच्या नारळाला, केळीला न्या, पण गळू द्या.

साचलेलं धुवायचं कसं? एकदम कोरं पाणी भरपूर सोडू नका. टोमॅटोत त्याने फळं तडकतात, आणि ढोबळीची मुळंही या झटक्याने दमतात. तळ्याचं आणि बोअरचं मिश्र पाणी घ्या, त्यात थोडं कॅल्शियम नायट्रेट टाकून इसी 1 ते 1.2 ठेवा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत लहान लहान फेऱ्यांत सोडा. दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटं थांबा. माझ्याकडे 5.6 वरून 2.6 वर यायला तीन सकाळी लागल्या. एकाच दिवसात आणायचा हट्ट धरू नका.

त्यानंतर ऋतूप्रमाणे डोस. आपली सवय अशी, की ऊन वाढलं, झाड दमलं, म्हणून टॉनिक आणि खत वाढवायचं. करायचं नेमकं उलट. मार्च ते मे खतपाणी पातळ ठेवा आणि फेऱ्या वाढवा. माझ्याकडे वाढत्या झाडाला उन्हाळ्यात 1.5 ते 1.7 चालतं. आषाढात ढग बसले, झाड पाणी कमी प्यायला लागलं, की 2 ते 2.2 पर्यंत घट्ट करते, नाहीतर अन्न पुरत नाही. रोपवाटिकेतल्या ट्रेला याच्या निम्म्याच्या आसपास, 0.5 ते 1.

कोकोपीट नवीन आणलं असेल तर लागवडीआधीच मोजा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पोटॅश, सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतं. बॅग भिजवून गळणारं पाणी तुमच्या आत जाणाऱ्या पाण्याच्या जवळपास येईपर्यंत धुवा.

मातीच्या बेडवर आणि गच्चीत

निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात ढोबळी बेडवर असते. तिथे वाटी लावता येत नाही. काळी माती क्षार जास्त वेळ धरून ठेवते आणि पाणी खाली मुरायलाही वेळ लागतो, त्यामुळे धुण्याची घाई केली तर मुळं गुदमरतात. तिथे माती तपासणी हाच आधार. आपल्याकडचं मृदा आरोग्य पत्र कन्नडमध्ये येतं आणि आपले बरेच लोक ते न वाचताच कपाटात ठेवतात. त्यात 'विद्युत् वाहकते' असा रकाना असतो, आपल्या वाहकतेचाच भाऊ. शेजारच्या कन्नड वाचणाऱ्या पोराला फक्त तेवढी ओळ विचारा. एक लक्षात ठेवा, तो आकडा जास्त पाण्यात पातळ केलेल्या मातीचा असतो, मास आणि हॉफमनच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नका. तिथे एकच्या आत असेल तर निश्चिंत राहा. एकच्या वर गेला तर पाणी आणि खत दोन्ही तपासायला घ्या.

टिळकवाडी-शहापूरच्या गच्च्यांवरच्या गुलाबांच्या कुंड्यांतही हाच त्रास असतो, मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरे पट्टे दिसतात. कुंडीला नेहमीचं पाणी घाला, तासभर थांबा, मग साधारण 100 मिली आरओचं पाणी वरून हळू ओता आणि खालून आलेलं पहिलं अर्धी वाटी पाणी मोजा. 2.5 च्या वर असेल तर महिनाभर खत थांबवा, पाणी मात्र खालून गळेपर्यंत घाला.

हे सगळं केल्यावर करपलेल्या कडांकडे बघत बसू नका. त्या परत हिरव्या होत नाहीत. डाग पडलेली फळं तोडून टाका, झाडाचा त्यावरचा खर्च थांबतो. शेंड्याची दोन पानं बघा. दहा-बारा दिवसांत ती रुंद, सपाट आणि पोपटी हिरवी यायला लागली आणि दुपारी झाड मान टाकेनासं झालं, की वाटीतला आकडाही खाली आलेला दिसेल. तो तसाच वर अडकून असेल, तर बोअरचं पाणी प्रयोगशाळेत देऊन सोडियम आणि क्लोराइड वेगळं मोजून घ्या. तेवढं काम पेनमीटरच्या आवाक्यातलं नाही.